ज्याचं काम कुठेही होतं

“आणि हा आमचा कुत्रा,” असं म्हणून त्या पोरसवदा मॅनेजरने इतक्या अदबीने ओळख करून दिली, की वाटावं, जागेचा मालक तो कुत्राच असावा. कुत्रा बीनबॅगवर तंगड्या पसरून झोपला होता. त्याच्या पलीकडे दोघंजण टेबल टेनिस खेळत होते, आणि त्यांच्याही पलीकडे, एका लांबलचक टेबलाला, हेडफोन लावलेली माणसं ओळीने बसून आपापल्या स्क्रीनकडे बघत हातवारे करत होती.

आवाजताईने सगळं नीट बघून घेतलं आणि विचारलं, “मला रोज काही तास मोठ्याने बोलायचं असतं. बंद खोलीत. मागे कसलाही आवाज चालत नाही. अशी जागा आहे का?”

मॅनेजरचा चेहरा पडला नाही. त्याला तो पाडता येतच नसावा. “आमच्याकडचं वातावरण एकदम जिवंत आहे,” तो म्हणाला. “इथं कुणी एकटं पडत नाही.”

“मला जिवंत नकोय,” आवाजताई म्हणाली. “मेलेलं असेल तर दाखवा.”

परक्या देशात, परक्या भाषेत ते जरा जास्तच उद्धट वाजलं असेल. वाजू दे, असं तिला वाटलं. कितीतरी दिवस ती काम सांभाळून शहर पालथं घालत होती. भाड्याने टेबल-खुर्ची देणाऱ्या या ऑफिसांमध्ये प्रत्येकाने तिला फुकटची कॉफी दाखवली होती, कुंड्या दाखवल्या होत्या, भिंतीवर रंगवलेले सुविचार दाखवले होते. एकाने तर दुपारी डुलकी काढायला टांगलेला झोपाळा दाखवला होता. शांतता मात्र कुणाकडेच नव्हती.

तिला शांतता कशाला हवी, हे सांगायला हवं. आवाजताई हे नाव तिला तिच्या मुलांनी दिलेलं. पोटची नव्हेत, शिकवायची मुलं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानात ऑपरेशन करून मशीन बसवतात. लोकांना वाटतं, मशीन बसलं की झालं, पोरगं ऐकायला लागलं. तसं काही होत नाही. मशीनमुळे आवाज आत शिरतो एवढंच. तो कशाचा, त्यातला कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा, हे त्या पोराला कुणीतरी रोज बसून शिकवावं लागतं. मायदेशातल्या एका केंद्रासाठी आवाजताई हे काम करायची, लग्नाआधीपासून. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्यावरही तिने ते सोडलं नाही. स्क्रीनवरून शिकवायला लागली. तिकडची दुपार ती इकडची सकाळ.

प्रत्येक तासाची सुरुवात ठरलेली. आवाजताई तोंडावर हात धरायची, म्हणजे पोराला ओठ वाचता येऊ नयेत, आणि एकेक आवाज काढायची. म. ऊ. आ. ई. श. स. आवाज ऐकू आला की पोराने वाटीत एक बटण टाकायचं. म आणि आ दणकट आवाज, ते कसेही पोचतात. स फार नाजूक. खोलीत साधा फ्रिज गुरगुरत असला तरी स त्यात बुडून जातो. आणि स ऐकू येत नसेल तर मूल पुढे अर्धी भाषा भोकं पडल्यासारखी बोलतं. म्हणून शांतता. आवाजताईला काही ध्यान लावून बसायचं नव्हतं.

आता राहतं घर. पुढची खोली आणि मागची खोली, बास. पुढच्या खोलीतच ओटा, फ्रिज, कपडे धुवायचं मशीन आणि बाहेरचं दार. वर्षभरापूर्वी नवऱ्याच्या कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. नवऱ्याने त्याच संध्याकाळी आपला मोठा स्क्रीन आणि फिरती खुर्ची मागच्या खोलीत नेऊन मांडली. आवाजताईचा लॅपटॉप तोवर मागच्या खोलीत होता, तो पुढे जेवणाच्या टेबलावर आला. टेबलाच्या एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला धुवायचं मशीन. ती सकाळी फ्रिजचं बटण बंद करायची आणि तास संपला की चालू करायची. दूध नासायचं, मग नवरा म्हणायचा, “अगं, फ्रिज बिघडलाय का बघ जरा.”

त्याचा आवाज खणखणीत. त्याच्या टीममधले निम्म्याहून अधिक आपल्याकडचेच, त्यामुळे मीटिंगा मराठीतच चालायच्या आणि बंद दारातून, भिंतीतून, सगळीकडून ऐकू यायच्या. “आवाज येतोय का? हॅलो, आवाज येतोय का?” दिवसातून इतक्यांदा विचारायचा, की खालच्या मजल्यावरच्यांनीही एव्हाना ‘येतोय’ म्हणून उत्तर दिलं असतं.

त्यातूनच ते चिंगीचं घडलं.

चिंगी तिची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी, उगीच खोटं कशाला बोला. चार वर्षांची, दोन शेंड्या, कपाळावर कायम कसलातरी डाग. मशीन बसून बरेच महिने झाले होते, सुटे शब्द यायचे, पण शब्दाला शब्द जोडत नव्हती. तिची आई रोज घरातलं सगळं आवरून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन पोरीला मांडीवर घेऊन बसायची. एके दिवशी वाटीत बटणं टाकून झाली, आणि चिंगीने मान वर केली. कपाळाला आठी घालून, अगदी मोठ्या माणसाच्या ठसक्यात ती म्हणाली, “आवाज येतोय का?”

चिंगीची आई आधी खूप हसली. मग हसता हसता थांबली. तिचे डोळे भरून आले होते, पण सूर बदलला होता.

“ताई, रागावू नका हं,” ती म्हणाली. “पोरीचं पहिलं अख्खं वाक्य. दीड वर्ष मी तिला ‘आई, मला दे’ शिकवतेय. आणि हे... हे तुमच्या मिस्टरांचं हो. तुमच्या पाठीमागे कोण बोलतं, तेच ती ऐकत बसते. तुम्ही काय म्हणता त्याकडे लक्षच नाही तिचं.”

आवाजताईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. चिंगीच्या आईने केंद्रातही सांगितलं. सांगायलाच हवं होतं, आईच ती. तिसऱ्या दिवशी केंद्राच्या मोठ्या मॅडमचा फोन आला. मॅडम चढ्या आवाजात बोलत नसत, तेच जास्त लागायचं.

“तुमच्यासारखं शिकवणारं दुसरं माझ्याकडे नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण महिनाअखेरीपर्यंत शांत जागेची सोय करा. नाहीतर मुलं मला दुसऱ्यांकडे द्यावी लागतील. चिंगी पहिली. या वयातले महिने परत मिळत नाहीत.”

दुसऱ्याकडे म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. नवा चेहरा, नवा आवाज, नवी ओळख. चिंगीला आवाजताईच्या आवाजाची सवय व्हायलाच सहा-सात महिने गेले होते.

तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्याने जेवता जेवता पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. ऐकून घेण्याच्या बाबतीत तो गुणी होता. चिंगीचं वाक्य ऐकून तर त्याला ठसकाच लागला.

“बघ, माझ्यामुळे बोलायला लागली पोरगी!” आणि बायकोचा चेहरा बघून लगेच सावरून, “बरं, गंमत केली. अगं, मग तू एखादं कोवर्किंग का नाही बघत? हल्ली सगळे तेच करतात. मी शोधून देतो तुला. माझा पूर्ण पाठिंबा आहे.”

आणि पाठिंबा दिलाही पठ्ठ्याने. रोज चार-दोन जागांच्या लिंका तिच्या फोनवर यायच्या. खाली टिप्पणी: ‘इथे गच्ची आहे’, ‘इथली कॉफी फेमस आहे म्हणे’, ‘इथे कुत्रा आहे!!’ फोनवर सासूबाईंनाही त्याने कौतुकाने सांगितलं. सासूबाई तिला म्हणाल्या, “बरंच झालं. तेवढंच तुला घराबाहेर पडायला मिळेल. आणि त्यालाही निवांत काम करता येईल.” आवाजताई ‘हो’ म्हणाली. तिलाही तेव्हा त्यात काही खटकलं नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त चीड तिला आली ती याचीच.

तर कुत्र्याच्या जागेवरून ती तशीच निघून आली. पुढची जागा होती नदीकाठच्या जुन्या इमारतीत. आत पाऊल टाकताच तिला हायसं वाटलं. जाड गालिचे, जाड पडदे, पेन पडलं तरी ऐकू येईल अशी शांतता. काउंटरवरच्या बाईने ओठांवर बोट ठेवूनच तिचं स्वागत केलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, इथं बोलू नये.

“कुठेच नाही?” आवाजताईने कुजबुजत विचारलं.

“जिन्यात चालेल,” बाई कुजबुजली.

“माझं कामच बोलायचं आहे हो.”

बाईने तिच्याकडे अशा कीव भरल्या नजरेने पाहिलं, की आवाजताईला वाटलं, आता या पडद्यांमागे उभं राहून एकदा पोट भरून ‘आ’ म्हणावं. म्हटलं नाही. जिन्यातून पाय आपटत खाली उतरली, आणि जिन्यात खरंच एकजण फोनवर बोलत उभा होता.

त्यानंतरच्या जागेत काचेच्या खोल्या होत्या. टेलिफोनच्या जुन्या बूथएवढ्या, एक माणूस आणि एक स्टूल मावेल इतक्या. दार गच्च बसायचं. तिथला मॅनेजर दाढीवाला, शांत, मन लावून ऐकणारा. “एक दिवस वापरून बघा, आवडलं तर ठरवा,” म्हणाला. महिना संपायला आला होता. दुसरा पर्याय तरी कुठे होता? आवाजताईने चिंगीच्या आईला कळवलं, उद्या नव्या जागेतून तास घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूथमध्ये जाऊन बसली. गुडघे काचेला टेकत होते. चिंगी पलीकडे तयार होती, हातात बटण धरून. आवाजताईने तोंडावर हात धरला. म. बटण पडलं. ऊ. पडलं. आ. तिने जरा जोरात म्हटलं आणि काचेपलीकडचे दोघं माना वळवून बघायला लागले. बघू देत. ई. पडलं. मग तिने श म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणायच्या आतच चिंगीने वाटीत बटण टाकलं.

आवाजताई थबकली. चिंगी वाट बघत होती, शाबासकीची. आणि तेवढ्यात पुन्हा तो आवाज झाला. स्स्स्स. बूथच्या मागच्या भिंतीला कॉफीचं मशीन लागून होतं आणि कुणीतरी दुधाला वाफ देत होतं. चिंगीने खुशीत आणखी एक बटण टाकलं.

“नाही गं राणी, तो नाही,” आवाजताई म्हणाली. “माझा ऐक.” स.

स्स्स्स, मशीन म्हणालं. बटण. आवाजताई. स. मशीन. स्स्स्स. पोरीने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा आईकडे, हातातल्या बटणाकडे. बरोबर कुठलं, चूक कुठलं, तिला कळेना. टाकलं तरी ताई ‘नाही’ म्हणते आणि नाही टाकलं तरी ‘नाही’ म्हणते. मग आवाजताईचा आवाज चढला, तिच्याही नकळत. “माझा ऐक, चिंगी! माझा!”

काचेवर टकटक झाली. दाढीवाला मॅनेजर होता, चेहऱ्यावर काळजी. दार उघडून हळूच म्हणाला, “तुम्ही ठीक आहात ना? बाहेर लोकांना वाटलं, कुणीतरी रडतंय.”

दार उघडल्याबरोबर अख्ख्या हॉलचा कलकलाट आत घुसला आणि तिथून सरळ त्या पोरीच्या डोक्यात. आवाजताईने वळून स्क्रीनकडे पाहिलं. चिंगीने हात वर केला, मशीनचा बाहेरचा भाग, कानामागची चकती, उपटून काढली आणि वाटीत, बटणांवर, ठेवून दिली. रडली नाही, ओरडली नाही. बहिरी होऊन, हाताची घडी घालून बसली.

“ताई,” तिची आई म्हणाली, “राहू दे आज.” आणि स्क्रीन काळा झाला.

आवाजताई स्टुलावर बसून राहिली. आता खरंच रडायला आलं असतं, पण रागाने रडू आत अडकून बसलं होतं. चिंगी दीड वर्ष ती चकती झोपेत सुद्धा काढू देत नव्हती. आणि आज तिने ती आपल्या हाताने काढली. आवाजताईचा तास ऐकवेना म्हणून.

तिने काचेबाहेर पाहिलं. लांबलचक टेबल. हेडफोन. एकजण फिरत्या खुर्चीत रेलून हवेत हात नाचवत समजावत होता. दुसरा टायपिंग करता करता मान डोलवत होता. तिसरा कॉफी घ्यायला उठला, वाटेत चौथ्याला टपली मारली, दोघं हसले, परत जागेवर आले, हेडफोन चढवले. कुणालाच कुणाचा त्रास नव्हता. मागे कॉफीचं मशीन फुसफुसतंय, कुणी शिंकतंय, कुणी खुर्ची ओढतंय. यांचं काम चालूच. यांचं काम कुठेही होत होतं.

आणि आवाजताईला त्या टेबलाशी आपला नवरा दिसला. म्हणजे होता नव्हे. पण असता तर कसा शोभला असता! रोज रात्री जेवताना म्हणायचा, “घरात बसून वेड लागेल एक दिवस. बोलायला माणूस नाही.” एरवी मोठ्या तोऱ्यात म्हणायचा, “माझं काय, मला लॅपटॉप द्या आणि रस्त्यावर बसवा, माझं काम होतं.” आणि अशा माणसासाठी घरातली दार लावून बसता येणारी एकुलती एक खोली! आणि जिला शांततेवाचून कामच करता येत नाही, ती गावभर जागा धुंडाळत फिरतेय, कुत्र्यांच्या ओळखी करून घेतेय, जिन्यात पाय आपटतेय. सगळे तिला जागा शोधायला मदत करत होते. घर सोडून जायचं ते तिनेच, याबद्दल मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, सासूबाईंनी नाही, मोठ्या मॅडमनी नाही. आणि तिने स्वतःने तरी कुठे? अशी तिडीक गेली तिच्या डोक्यात, की बूथची काच थरथरते की काय असं वाटावं.

ती बाहेर आली. मॅनेजर अजून काळजीत उभा होता.

“जागा घेतली,” ती म्हणाली. “आजपासून. बूथ नको, मोठ्या टेबलावरची. नाव माझं नाही, नवऱ्याचं लिहा.”

घरी आली तेव्हा मागच्या खोलीचं दार बंद होतं आणि आत तो कुणालातरी विचारत होता, आवाज येतोय का. तिने दार उघडलं, आत गेली आणि त्याच्या कानावरचा हेडफोन उचलला.

“अगं! मीटिंग चालू आहे!”

“त्यांना सांग, पाच मिनिटांत येतो. नव्या ऑफिसातून येतो.”

तिचा अवतार बघून त्याने मुकाट्याने तसंच सांगितलं आणि माईक बंद केला. “काय झालं? जागा नाही आवडली?”

“आवडली. घेतलीसुद्धा. तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी? मी कशाला?”

“कारण तुझं काम कुठेही होतं. तूच म्हणतोस. माझं फक्त इथे होतं.”

“अगं, पण असं एकदम... माझं सगळं सेटिंग आहे इथे. स्क्रीन, खुर्ची. माझी पाठ तुला माहीत आहे.”

“खुर्च्या आहेत तिकडे, याच्यापेक्षा बऱ्या. माणसं आहेत. कॉफी आहे. एकाला टपली मारायची, दुसऱ्याने हसायचं. तुला वेड लागायचं नाही.”

“आणि लोक काय म्हणतील? बायकोने घराबाहेर काढला?”

“मी महिनाभर बाहेर फिरत होते तेव्हा कुणी म्हणालं का, नवऱ्याने बाहेर काढली? उलट तुझ्या आईंनी तर बरंच झालं म्हटलं.”

 तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. त्याला राग यायला हवा होता, पण तो मनाने वाईट माणूस नव्हता, आणि वाईट नसलेल्या माणसांचीच या जगात सगळ्यात जास्त पंचाईत होते. त्याने स्क्रीनची वायर काढायला सुरुवात केली. काढता काढता दुखावलेल्या सुरात म्हणाला, “एवढं डोक्यात राख घालून घ्यायचं काय कारण होतं? तू नुसती मागितली असतीस ना खोली, तरी मी दिली असती गं.”

बिचारा अगदी मनापासून बोलला. आणि आवाजताईच्या डोळ्यांपुढे ती संध्याकाळ आली, जेव्हा तो स्क्रीन उचलून याच खोलीत आला होता आणि तिने आपला लॅपटॉप उचलून त्याला वाट करून दिली होती.

“तू घेतलीस,” ती म्हणाली, “तेव्हा कुणाकडे मागितली होतीस?”

   त्याने वायर गुंडाळून पिशवीत टाकली, स्क्रीन काखेत मारला आणि तो बाहेर गेला. जाताना बाहेरचं दार आपटलं नाही त्याने. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं तिला. भांडायला तरी झालं असतं.

आवाजताईचा राग उतरला नव्हता. तिने चिंगीच्या आईला निरोप धाडला: पाया पडते, आज एकदाच पुन्हा बसा. बराच वेळ उत्तर नाही. ती त्या फिरत्या खुर्चीत बसली, तिची उंची खाली केली, लॅपटॉप मांडला. मग फोन वाजला.

चिंगीच्या आईचा चेहरा स्क्रीनवर आला. मांडीवर चिंगी होती, चकती कानामागे, पण तोंड फुगवून दुसरीकडे बघत. आईने क्षणभर कान देऊन ऐकलं, मग घाबरून स्क्रीनच्या जवळ आली.

“ताई? हॅलो? लाइन तुटली का? काहीच ऐकू येत नाहीये तुमच्याकडचं.”

“नाही तुटली,” आवाजताई म्हणाली. “इथं आता मी एकटीच आहे.”

चिंगीने मान वळवली.